मुलीच्या फीसाठी कोणतं कर्ज घ्यायचं?

(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी वाढते. कारण विचारलं तर 'मुलीची फी'. गटात पैसे नसले की कुणी सोनं गहाण ठेवतं, कुणी मायक्रोफायनान्सचं कर्ज उचलतं. दुसऱ्या वर्षाची फी जमली नाही की घरात बोलणं सुरू होतं, "पुरे झालं शिक्षण, आता स्थळ बघा." म्हणून आज एकच गोष्ट सांगते. फीसाठी कर्ज काढताना पहिला प्रश्न विचारा : हप्ता कधी सुरू होणार?

दुधाची म्हैस घेतली तर लगेच दूध डेअरीला जातं आणि त्यातून हप्ता निघतो. शिक्षणाचं तसं नाही. मुलगी कमवायला लागणार तीन-चार वर्षांनी, आणि गटाचा हप्ता सुरू होतो पुढच्याच महिन्यात. मग तो मजुरीतून काढावा लागतो.

बँकेचं शैक्षणिक कर्ज यासाठीच असतं. साधारणपणे शिक्षण पूर्ण होऊन एक वर्ष जाईपर्यंत त्याचा हप्ता नसतो. पुढे फेडायला 15 वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे जमीन नाही, घर नावावर नाही, तरी अर्ज करता येतो. फीबरोबर वसतिगृह, पुस्तकं, परीक्षा फी हा खर्चही त्यात धरता येतो. कर्ज मुलीच्या नावावर असतं आणि पालक सहकर्जदार. आईसुद्धा सहकर्जदार होऊ शकते, हे लक्षात ठेवा.

आता हिशेब बघू. समजा, चार वर्षांचं शिक्षण आहे आणि दरवर्षी 75,000 रुपये लागतात. गटातून शेकडा 2 रुपयांनी घेतले, तर नुसतं व्याज महिन्याला 1,500 रुपये. ते आपल्याच गटात येतं हे खरं, पण मुद्दलही लगेच फेडायचं असतं. बँकेचा दर हिशेबापुरता वर्षाला 10 टक्के धरला, तर पहिल्या वर्षी व्याज महिन्याला 625 रुपये होतं.

हे व्याज भरलं नाही तरी चालतं, पण ते साचत जातं. चार वर्षं शिक्षणाची आणि एक वर्ष पुढचं मिळून 1,05,000 रुपये व्याज होईल. 3 लाखांचे 4,05,000 होतील. म्हणून जमेल तेवढं व्याज वर्षाच्या वर्षाला भरत राहा.

घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, आणि मुलगी नॅक किंवा एनबीए मानांकन असलेल्या कॉलेजात व्यावसायिक किंवा तांत्रिक शिक्षण घेत असेल, तर या काळातलं व्याज भरायची केंद्र सरकारची योजना आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला बँकेत द्या आणि "व्याज अनुदान हवं आहे" असं स्पष्ट सांगा. शिक्षण मध्येच सोडलं तर ही सवलत मिळत नाही.

पण ताईंनो, कर्जाच्या आधी सवलत बघा. 2024-25 पासून महाराष्ट्रात ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप वेगळी आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा. मात्र ही शुल्कमाफी कॅप राउंडमधून प्रवेश घेतला तरच आहे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही. "आजच पैसे भरा, नाहीतर सीट जाईल" असं कुणी सांगितलं तर घाईने पैसे देऊ नका. आधी विचारा, हा प्रवेश कॅपमधून आहे का?

अशी सवलत मिळाली तर कर्ज फक्त वसतिगृह आणि इतर खर्चापुरतं लागेल. जेवढं लागेल तेवढंच घ्या.

बँकेत जाताना प्रवेशाचं पत्र, कॉलेजचं फीचं पत्रक, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, दोघींचं आधार आणि पॅन कार्ड न्या. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर ऑनलाइन करता येतो. तुमच्या नावावर जुना हप्ता थकला असेल तर आधी मिटवा, नाहीतर बँक तिथेच अडते. बँकेने नाही म्हटलं तर तोंडी ऐकून परत येऊ नका. कारण लेखी मागा आणि तो कागद ग्रामसंघात घेऊन या.

अजून एक. हे कर्ज माफ होईल या भरवशावर घेऊ नका. थकलं तर मुलीचं नाव खराब होतं आणि तुमचंही. म्हणून कोर्स करून काम कुठे मिळतं, पगार किती मिळतो, हे गावातल्या आधी शिकलेल्या मुलींना विचारून घ्या.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने बारावीला असलेल्या मुलींची यादी आणावी. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला निकालाआधीच काढून ठेवू. फी भरायच्या आदल्या दिवशी सावकाराच्या दारात उभं राहायची वेळ आपल्या कुठल्याच ताईवर येऊ नये.