ऊन पाणी आणि मेंदूच्या लहरी

कर्नाटकातल्या बिदर, भालकी, आळंदकडे लेकरांना डोक्यावरून ऊन पाणी ओतून न्हाऊ घालतात. राज्यातल्या काही मुलांना मात्र नेमकं अशा न्हाण्यातच फेफरं येतं. घरचे घाबरून बाहेरची बाधा शोधू लागतात.

बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकार संस्थेत असताना डॉ. पी. सतीशचंद्र यांनी या ‘हॉट वॉटर एपिलेप्सी’चा अनेक वर्षं पाठपुरावा केला. १९८८ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी २७९ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांत मुलगे जास्त होते, आणि अनेकांचा त्रास दहाव्या वर्षाच्या आत सुरू झालेला.

अडचण अशी, की दोन झटक्यांमधला साधा ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, बहुतेकांचा निर्दोष येतो. मग सतीशचंद्रांच्या गटाने प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवले आणि अंग तापवताना लहरी टिपल्या. हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात झटक्याच्या लहरी उसळल्या! वारंवार तापवल्यावर झटके आणखी सहज येऊ लागले.

साधा ईईजी असा फसवतो, म्हणूनच ‘झटका आंघोळ करताना आला’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगायलाच हवं. कित्येक मुलांना कोमट पाण्यानेच आराम पडतो. काहींना डॉक्टर डोक्यावरून न्हाण्याच्या दीड-दोन तास आधी क्लोबाझाम या झटके रोखणाऱ्या औषधाची गोळी देतात.