हृदय घडताना पाहू या



भवानी पेठेत मागाचा आवाज कोणाला नवा नाही. घडी घातलेली चादर पाहून माग कसा चालतो हे कळत नाही. त्यासाठी चालता माग पाहावा लागतो. हृदयाचेही तसेच आहे. म्हणून शास्त्रज्ञ जिवंत गर्भातील धडधडते हृदयच पाहतात.

कोंबडीचे पिलू 21 दिवसांनी अंड्यातून बाहेर येते; पण त्याचे हृदय दुसऱ्याच दिवशी चालू होते. झेब्राफिश हा आपल्या देशातील ओढ्यांत सापडणारा लहानसा मासा. त्याचा गर्भ काचेसारखा पारदर्शक असतो आणि हृदय एका दिवसात धडधडू लागते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत या माशाच्या हृदयावर संशोधन होते. जेलीफिशमधील चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक गर्भात घातले, की हृदयाच्या पेशी हिरव्या उजळतात. मग सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा ठोक्यागणिक चित्र टिपतो. आधी सरळ नळी, मग तिला वळण, मग कप्पे, मग झडपा! आणि हे सारे काम न थांबविता चालते.

2003 साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी या गर्भाच्या हृदयाशी सूक्ष्म मणी बसवून रक्तप्रवाह अडविला. हृदय नीट वळले नाही, झडपाही बनल्या नाहीत. म्हणजे वाहते रक्तसुद्धा हृदयाला घडवीत असते.

हे आम्ही येथे का सांगतो? शंभरातील सुमारे एका बाळाला जन्मतः हृदयदोष असतो. मग घरची माणसे आईलाच बोल लावतात, "ग्रहणात भाजी चिरली असशील!" मित्रहो, मानवी गर्भाचे हृदय साधारण 22 व्या दिवशी धडधडू लागते. तेव्हा दिवस गेल्याचे पुष्कळदा त्या माउलीलाही ठाऊक नसते. विळीचा आणि ग्रहणाचा येथे काहीही संबंध नाही. कधी जनुकांत बिघाड असतो, कधी पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झालेला असतो, तर अनेकदा कारण सापडतच नाही. म्हणून आई दोषी ठरत नाही.

तेव्हा मुलामुलींना गोवर-रुबेलाची लस चुकवू नका. बाळ दूध पिताना धापा टाकत असेल, ओठ निळे पडत असतील, तर अंगारा न लावता डॉक्टरांकडे न्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी व उपचार होतात.

विद्यार्थ्यांनो, ऐकले म्हणून मानू नका. पाहा, तपासा, मग माना. आणि घरी गेल्यावर हे आईला व आजीला जरूर सांगा.