मधुमेही माणसाचे डोळे
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे. बी.ए.ची पदवी आणि केंद्र सरकारच्या फायलींत गेलेली तीस वर्षे, एवढ्या भांडवलावर रोगाविषयी बोलणे हे धाडसच. तथापि तमिळ मुलखात डोळ्यांविषयी बोलण्याचा मराठी माणसास थोडा वारसाहक्क आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरचे दुसरे सरफोजी राजे यांनी मोतीबिंदूच्या रुग्णांवर उपचार केले आणि त्यांच्या डोळ्यांची चित्रे व टिपणे करून ठेविली.

मोतीबिंदू निघाला की बहुधा दृष्टी परत येते. मधुमेहाने दृष्टिपटलास, म्हणजे डोळ्याच्या मागील पडद्यास, होणारी इजा निराळी. तेथील केसासारख्या रक्तवाहिन्या फुगतात, पाझरतात, बुजतात. पुढे ठिसूळ नव्या वाहिन्या फुटतात आणि त्यांतून रक्तस्राव होतो. लेसरने वा डोळ्यात दिलेल्या इंजेक्शनाने उरलेली दृष्टी पुष्कळदा राखता येते; गेलेली सगळी परत मिळेलच असे नाही. आणि बराच काळ दुखत नाही, खुपत नाही, दिसतेही स्वच्छ! चेन्नईतील पाहणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मधुमेहींपैकी १७.६ टक्के लोकांच्या पडद्यावर हा विकार आढळला.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ पायाच्या जखमेसाठी एका रुग्णालयात बारा दिवस होते. साखर दिवसातून तीनदा पाहिली जाई, पट्टी रोज बदलली जाई. डोळ्यांत मात्र कोणी डोकावले नाही. वर्तमानपत्र वाचता येत होते, म्हणून त्यांनीही विचारले नाही. दोन महिन्यांनी एका सकाळी उजव्या डोळ्यापुढे काळी जळमटे तरंगू लागली. आत रक्तस्राव झाला होता. तो डोळा आता माणसे ओळखत नाही.

ते बारा दिवस आम्हांस राहून राहून आठवतात. एरवी ही तपासणी आपण टाळतो, कारण बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काही तास अंधुक दिसते. रजा काढावी लागते, सोबतीस मनुष्य लागतो. खाटेवर पडलेल्या रुग्णास यांतील कोणती अडचण आहे? शिवाय आता तंत्रज्ञ कॅमेऱ्याने पडद्याचे छायाचित्र घेऊन तज्ज्ञाकडे पाठवू शकतो. अशी चित्रे संगणकासही वाचावयास शिकविली गेली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अमेरिकन प्रयोगात आपल्या शंकर नेत्रालयातील चित्रेही होती.

प्रौढ वयात मधुमेह जडला असेल तर निदान होताच एकदा आणि नंतर दरवर्षी पडदा तपासावा, असा सर्वसाधारण नियम आहे. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. आपल्या मंडळींची गल्लत नेमकी येथेच होते. म्हणून आप्त कोणत्याही दुखण्यासाठी रुग्णालयात असो, घरी सोडण्याच्या कागदावर पडदा पाहिल्याची नोंद आहे काय, हे विचारावे. तमिळ अडखळत असेल तर डोळ्याकडे बोट दाखवून ‘कण्’ म्हणावे. परिचारिकेस तेवढे पुरते.