दानाची थैली आणि हक्काचे मस्टर

(दोंडाईचा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळच्या चर्चेत एका तरुण मित्राने विचारले की, दुष्काळ पडतो, पूर येतो, तेव्हा ख्रिस्ती संस्था धान्य घेऊन धावतात. त्यांच्या शेजारी आपण उभे राहायचे की नाही? कोणी म्हणाले, भुकेल्याला धर्म विचारू नये. कोणी म्हणाले, पोत्यामागून बाप्तिस्मा येतो. नवापूर आणि डांग इथून फार दूर नाहीत. डिसेंबर १९९८ मध्ये डांगमधील प्रार्थनामंदिरांवर हल्ले झाले, ते याच संशयाला फुंकर घालून. म्हणून हा प्रश्न टाळून चालणार नाही.

प्रथम या दानाचे मूळ पाहू. बायबलच्या प्रेषितांच्या कृत्यांत एक प्रसंग आहे. रोमचा सम्राट क्लौदिय याच्या काळात दुष्काळ पडला, तेव्हा अंत्युखियाच्या मंडळीने यहूदियातील बांधवांसाठी वर्गणी काढली; ज्याची जशी ऐपत, तसा त्याचा वाटा. कुवत आणि गरज यांची जी सांगड मार्क्सने १८७५ मध्ये घातली, तिचे बीज या वर्गणीत दिसते. आपल्याकडेही सुगीनंतरच्या उपासनेत ख्रिस्ती शेतमजूर धान्य, अंडी, कोंबडी वाहतात आणि त्यांचा लिलाव करून निधी उभा करतात. विनोबांचे सर्वोदयपात्र याच जातीचे. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्या जिल्ह्याला मूठभर धान्याची महती मी सांगावी असे नाही.

परंतु इतिहासाची दुसरी बाजू झाकता कामा नये. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनांनी हजारो अनाथ मुले सांभाळली. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि पुढे गुजरातेतून दुष्काळात सापडलेल्या मुली केडगावला आणल्या; परदेशातील मंडळ्यांच्या देणग्यांवर त्यांना अन्न, शिक्षण आणि हाताला उद्योग मिळाला. त्याच काळात धर्मांतरेही झाली. ज्याच्या पोटात चार दिवस अन्न नाही, त्याची संमती स्वतंत्र असते असे मी म्हणणार नाही. मात्र आक्षेप घेणाऱ्यांना एवढेच विचारीन : ती मुले रस्त्यावर पडली होती, तेव्हा गावातली बळदे कोणाची होती आणि ती कोणासाठी बंद होती? ज्याला गावाच्या विहिरीवर पाणी भरू दिले नाही, त्याने दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी प्याल्याची तक्रार गावाने करावी, हा उद्दामपणा आहे.

आता १९७२ कडे या. साठी ओलांडलेल्यांना त्या वर्षीची सुकडी, अमेरिकेचा मिलो आणि खडी फोडणाऱ्या बायांचे हात आठवत असतील. धान्य खाऊन संपले. पण त्या सुमारास झालेले एक काम अजून टिकून आहे आणि त्याचे श्रेय कोणी फारसे देत नाही. मराठवाड्यात व सोलापुराकडे मिशनशी संबंधित मंडळी खडकात विंधनविहिरी घेत होती. विहीर लागे, पाणी लागे; पण वर बसवलेला ओतीव लोखंडाचा पंप एका कुटुंबापुरता बनवलेला असे. अख्खे गाव त्यावर लोटले की काही आठवड्यांत मोडून पडे. म्हणून जालन्यात आणि पुढे सोलापुरात पोलादी, मजबूत पंप घडवले गेले. सोलापूरच्या त्या पंपावरूनच युनिसेफ आणि सरकार यांच्या सहकार्याने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला आणि आशिया-आफ्रिकेतील खेड्यापाड्यांत पोहोचला. आपल्या वस्तीतला हापसा, मित्रहो, याच घराण्यातला. दानाची थैली पोत्यावरून पाण्याकडे वळली, की ती अशी पिढ्यान्‌पिढ्या पुरते.

अहमदनगरला स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी हाच धडा गिरवला. दुष्काळात वाटप करून दुष्काळ हटत नाही, माथ्यापासून पायथ्यापर्यंत माती आणि पाणी अडवले पाहिजे, हे ओळखून त्यांनी पाणलोटाचे काम उभे केले. जर्मन सरकारची मदत पुढे त्याला मिळाली. पण गावाने श्रमदान केले पाहिजे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली पाहिजे, ही अट राहिली. घेणारा केवळ घेणारा राहिला नाही.

तरीही दान ते दानच. ते आले तर आले. आले नाही तर दाद कुठे मागणार? महाराष्ट्राने या प्रश्नाला जे उत्तर दिले त्याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी १९७७ साली कायद्यात आली आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली. तिच्यासाठी १९७५ पासून शहरातल्या नोकरदाराकडून व्यवसाय कर घेतला गेला. म्हणजे अंत्युखियाची तीच वर्गणी. फरक इतकाच की इथे देणाऱ्याच्या मर्जीऐवजी कायदा आला आणि घेणाऱ्याच्या हाती वाडग्याऐवजी मस्टर आले. वाडग्यासाठी आभार मानावे लागतात. मस्टरवरची मजुरी थकली तर मोर्चा काढता येतो. शहाद्यात अंबरसिंग महाराजांच्या मागे भिल्ल शेतमजूर उभा राहिला, तोही असाच दयेची भाषा टाकून देऊन.

मात्र सरकार म्हटले की न्याय झाला, अशा भ्रमात राहू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सरकारी आकड्यांनुसार सुमारे आठ हजार माणसे गेली. पुनर्वसनात घराचे क्षेत्रफळ जमिनीच्या मालकीवर ठरले : भूमिहीनाला व एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, सात हेक्टरांवरच्याला ७५०. भूकंपाने सगळ्यांची घरे सारखी पाडली. सरकारने ती उभी करताना उतरंड जशीच्या तशी रचली.

आणि परदेशी मदतीवर अंकुश ठेवणारा मूळ कायदा १९७६ चा, म्हणजे आणीबाणीतला, हेही विसरू नका. त्याची जागा घेणाऱ्या २०१० च्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने परदेशी मदत दुसरीकडे सोपवण्यास मनाई केली. मोठ्या संस्थेच्या आधारावर खेड्यात काम करणारी छोटी संस्था त्यात कोंडली गेली. हिशेब जरूर मागावा. पण हिशेबाच्या नावाखाली हात बांधू नयेत.

तेव्हा त्या तरुण मित्राला माझे उत्तर असे. मदतीच्या कामात चर्चशी खांद्याला खांदा लावून उभे राहा. अटी मात्र तीन घाला. रांगेत धर्म आणि जात विचारली जाणार नाही, आणि रांगेत प्रार्थनाही होणार नाही. यादी आणि हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचला जाईल. विंधनविहीर घ्यायची तर पहिली त्या वस्तीत, जिला गावाने आजवर पाणी नाकारले.

आणि चौथी अट आपल्याला स्वतःला. गारपिटीने मिरची झोपली, अवकाळीने वाळवणातला माल काळा पडला, की आपण तहसीलवर निवेदन घेऊन जातो. ते योग्यच. पण त्या संध्याकाळी शेतमजुराच्या घरची चूल पेटली का, हे पाहायला आपल्यापैकी किती जण जातात? चर्चमधली म्हातारी एक अंडे वाहते. आपल्या शाखेची थैली किती भरलेली आहे, हे आज घरी जाण्यापूर्वी उघडून पाहू या.