रेघ मारण्यापूर्वी

वास्तुकलेचा पदवी अभ्यासक्रम आपल्या देशात पाच वर्षांचा आहे. आरंभी विद्यार्थी एखाद्या खोलीचा किंवा लहानशा मंडपाचा आराखडा करतो, पुढे घराचा, शाळेचा. आणि शेवटच्या एकदोन वर्षांत त्याच्यापुढे संबंध वस्तीचा प्रश्न येतो. शहराच्या जुन्या भागातील एखादी पेठ त्याला नेमून दिली जाते. घरे जीर्ण झाली आहेत, बोळ अरुंद आहेत, गटारे तुंबतात, वाहनांना वाट नाही. तरी ह्या पेठेचे पुनरुज्जीवन कसे करावे ते नकाशे काढून दाखवा, असा तो प्रश्न असतो. नकाशाच्या कागदाची जागा आता संगणकाच्या पडद्याने घेतली आहे. परंतु नवख्या विद्यार्थ्याची पहिली कृती बहुधा पूर्वीचीच असते. तो पेठेच्या मधोमध एक सरळ, रुंद रेघ मारतो. ती रेघ म्हणजे नवा रस्ता. तिच्याखाली किती उंबरे गेले, हे मोजण्याची सवय त्याला अजून लागलेली नसते.

परीक्षेच्या दालनात ह्या रेघेने कोणाचे काही बिघडत नाही. पण काही वर्षांनी हाच विद्यार्थी एखाद्या नगररचना कार्यालयात बसतो, तीच रेघ सरकारी नकाशावर उमटते, आणि एके सकाळी कोणाच्या तरी ओट्यावर पाडकामाची खूण दिसते. म्हणून विद्यार्थिदशेतील हे आराखडे केवळ गुणांपुरते आहेत असे समजून चालणार नाही. घराकडे आणि रस्त्याकडे पाहण्याची दृष्टी तेथेच घडते, आणि पुढे ती सहसा बदलत नाही.

ही दृष्टी कशी असावी ह्याचा एक वस्तुपाठ शंभर वर्षांपूर्वी आपल्याच इंदूर-बडोद्याच्या गल्ल्यांत गिरवला गेला होता. तो घालून देणारे गृहस्थ म्हणजे पॅट्रिक गेडिस. हे मूळचे स्कॉटलंडचे, आणि पेशाने वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. 1886 साली विवाह झाल्यावर लवकरच ते व त्यांच्या पत्नी ॲना एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ समजल्या जाणाऱ्या वस्तीत राहावयास गेले. सुखवस्तू कुटुंबांनी तो भाग केव्हाच सोडला होता. गेडिस दांपत्याने शेजाऱ्यांना बरोबर घेऊन खोल्या झाडल्या, भिंतींना सफेदी दिली, खिडक्यांत फुलझाडे लावली आणि मोडकळीस आलेल्या इमारती एकेक करून दुरुस्त केल्या. त्यांतील काही इमारतींत 1887 पासून विद्यार्थ्यांची राहण्याची सोय करण्यात आली. जुनी वस्ती सुधारावयाची तर विद्यार्थ्याने आधी तेथे राहून पाहावे, हा विचार त्यामागे होता.

1914 साली गेडिस हिंदुस्थानात आले. त्यांच्या नगररचना प्रदर्शनाचे नकाशे ज्या जहाजातून येत होते, ते महायुद्धाच्या धामधुमीत ‘एम्डेन’ ह्या जर्मन युद्धनौकेने बुडवले. तथापि त्यांनी हार मानली नाही. मित्रांच्या साहाय्याने पुन्हा साहित्य जमवले आणि शहरामागून शहर पायांखाली घातले. बडोद्याविषयीचा त्यांचा अहवाल 1916 चा, तर इंदूर दरबाराला सादर केलेला दोन खंडांचा अहवाल 1918 चा. पुढे 1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र ह्या विषयांचे अध्यापन त्यांच्याकडे आले.

त्यांची रीत वैद्याची होती. आधी तपासणी, मग निदान आणि शेवटी उपचार. हातात मोठ्या प्रमाणावरचा नकाशा घेऊन ते गल्लीतून चालत. कोणते घर खरोखर पडावयास आले आहे, कोणते नुसत्या डागडुजीने उभे राहील, विहीर कोठे आहे, वडापिंपळाची सावली कोठे पडते, देऊळ कोणत्या वळणावर आहे, हे सर्व ते टिपून घेत. मग जेथे एखादे घर आपोआपच ढासळले असेल तेथे लहानसा चौक मोकळा ठेवावा, दोन बोळ एकमेकांस जोडावेत, एखादा कोपरा कापून वाट रुंद करावी, आणि बाकीची घरे व त्यांतील माणसे जागच्या जागी राहू द्यावीत, असा त्यांचा उपाय असे. ह्या पद्धतीला त्यांनी जे इंग्रजी नाव दिले होते, त्याचा अर्थ ‘राखणारी शस्त्रक्रिया’ असा करता येईल. रोग्याचा हात दुखतो म्हणून हातच कापावयाचा नाही, हे त्या नावातच आले.

इंदुरात त्या काळी प्लेगचे भय होते. पांढऱ्या कपड्यांतला, नकाशा घेऊन हिंडणारा साहेब दिसला की आता आपली घरे पाडली जाणार, असे लोकांना वाटे. ह्या भयावर गेडिस यांनी काढलेला तोडगा त्यांच्या चरित्रांत सांगितलेला आहे. दरबारच्या संमतीने त्यांनी दिवाळीची एक मोठी मिरवणूक योजली आणि जाहीर केले की, मिरवणुकीचा मार्ग नेहमीचा असणार नाही. ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ असतील त्यांतून ती जाईल. मग काय विचारता! आळीआळींत झाडलोट सुरू झाली, गाड्याच्या गाड्या भरून कचरा बाहेर पडला, घरांना रंग चढला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती. तिच्यामागून शहराचे सफाई कामगार शुभ्र कपड्यांत, फुलांनी सजून, मानाने चालले होते. रस्ता रुंद न करता आणि एकही उंबरा न हलवता शहर काही काळ तरी पालटले होते.

ह्याच इंदुरात पुढे साठ-पासष्ट वर्षांनी दुसरा पाठ लिहिला गेला. त्याचे प्रमुख बाळकृष्ण दोशी. पुण्यात 1927 साली जन्मलेल्या दोशींनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत वास्तुकलेचे शिक्षण घेतले, पॅरिसला ल कॉर्ब्यूझिए ह्यांच्या हाताखाली काम केले, आणि 1962 साली अहमदाबादेत वास्तुकलेची शाळा उभी केली. 1980 नंतर इंदूर विकास प्राधिकरणाने शहराच्या उत्तरेस अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी ‘अरण्य’ नावाची नवी वसाहत योजली. क्षेत्र सुमारे 85 हेक्टर, भूखंड साडेसहा हजारांच्या आसपास, आणि अपेक्षित लोकवस्ती 60,000. एवढे मोठे काम हाती आल्यावर पहिला प्रश्न हा की, गरीब माणूस आपले घर स्वतः बांधतो तेव्हा ते कसे बांधतो?

उत्तरासाठी दोशींची अभ्याससंस्था आणि कॅनडातील मॅकगिल विद्यापीठ ह्यांच्या मंडळींनी इंदूरच्या झोपडवस्त्यांची बारकाईने मोजणी केली. तिचा अहवाल 1984 साली प्रसिद्ध झाला. घर, बोळ, दुकान, झाड, ओटा ह्यांचे नकाशे काढले गेले. त्यांतून दिसले ते असे की, जेथे नकाशाकार नुसती घाण व गर्दी पाहतो, तेथे एक व्यवस्थाही असते. घर उंबऱ्यापाशी संपत नाही. दाराबाहेरच्या हातभर ओट्यावर भांडी घासली जातात, निवडणे-टिपणे होते, शिवणयंत्र चालते, उन्हाळ्यात खाट पडते. बोळ ही केवळ ये-जा करण्याची वाट नव्हे. ती घराची एक खोलीच आहे. झाड कितीही लहान असो, त्याच्या बुंध्याशी बसायला जागा होते आणि पुष्कळदा देवही.

ही निरीक्षणे अरण्याच्या आराखड्यात उतरली. सर्वांत लहान भूखंड 35 चौरस मीटरचा. त्यावर तयार घर बांधून न देता जोते, पाणी आणि शौचालय-मोरीची सोय करून द्यावयाची. भिंती व मजले ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे, सवडीने चढवावेत. नमुन्यादाखल 80 घरे मात्र दोशींनी रचून दाखवली. रस्त्यांची उतरंड अशी ठेवली की, मोठा रस्ता क्रमाने लहान होत होत शेवटी दोनचार घरांच्या अंगणात येऊन थांबावा. 1995 साली ह्या कामास आगा खान वास्तुकला पारितोषिक मिळाले. दोशींना 2018 साली प्रिट्झ्कर पारितोषिक लाभले. 2023 साली ते निवर्तले. नमुन्याची ती घरे जशीच्या तशी राहिली नाहीत. लोकांनी त्यांवर मजले चढवले, सज्जे काढले, दारे-खिडक्या बदलल्या. कोणी ह्याला अपयश म्हणतात. पण घर वाढत जाईल हे गृहीत धरूनच ती वसाहत योजलेली होती, हे विसरता कामा नये.

आता कोणी म्हणेल, ही तर जुन्याची भक्ती झाली. तसे नव्हे. वाड्याच्या चौकाचे गोडवे गाणारे पुष्कळदा स्वतः बंद सदनिकेत राहतात. ज्या भाडेकऱ्याचे छप्पर गेली वीस वर्षे गळते आहे, ज्या बाईला दुसऱ्या मजल्यावर बादल्यांनी पाणी न्यावे लागते, ज्या घरातील रोग्याला अरुंद जिन्यातून खाली उतरवता येत नाही, त्यांना चौकाच्या काव्याचा काय उपयोग? दाटी खरी आहे, अंधार खरा आहे, आग लागल्यास बंब आत न शिरणे हेही खरे आहे. विद्यार्थ्याने ह्यांकडे डोळेझाक केली तर त्याचा आराखडा सरळ रेघ मारणाऱ्याइतकाच निर्दय ठरेल. प्रश्न बदल करावा की नाही, हा नाहीच. तो कोणासाठी, किती आणि कोणाला विचारून करावा, हा आहे.

म्हणून अशा प्रकल्पाचा आरंभ वर्गात न होता गल्लीत व्हावा. विद्यार्थ्यांनी जोडीजोडीने फीत घेऊन बोळाचे माप घ्यावे, आणि तेही एकदाच नव्हे. पहाटे नळाला पाणी येते तेव्हा, दुपारी ओट्यावर सावली असते तेव्हा, आणि रात्री दुकाने मिटतात तेव्हा. आठ फुटांचा बोळ सकाळी सायकली व हंड्यांनी चार फुटांचा होतो, हे एकाच नकाशात दिसत नाही. प्रत्येक घरात किती कुटुंबे राहतात, मालक कोण, भाडेकरू कोण, काम घरात चालते की बाहेर, ह्यांची नोंद व्हावी. मग बंबाची वाट, गटार, उजेड आणि शौचालय ह्यांसाठी कमीत कमी किती भिंती हलवाव्या लागतात, त्याचा हिशेब मांडावा. आणि आराखड्याच्या कोपऱ्यात, जेथे विद्यार्थी आपले नाव व प्रमाण लिहितो, तेथे आणखी दोन आकडे लिहिणे त्याला सक्तीचे करावे. आज येथे इतकी कुटुंबे राहतात. माझ्या योजनेनंतर त्यांपैकी इतकी येथेच राहतील. ह्या दोन आकड्यांतील अंतर सुंदर रंगवलेल्या चित्राने भरून निघत नाही.

शेवटी, परीक्षकांपुढे मांडण्याआधी तो नकाशा त्या गल्लीतील एखाद्या ओट्यावर पसरावा. तेथे जमणाऱ्यांना वास्तुकलेची परिभाषा समजणार नाही. पण एखादी वृद्धा पुढे वाकून हटकून विचारील, “बाळ, ह्यात माझे दार कोठे आहे?” त्या वेळी विद्यार्थ्याला कागदावर बोट ठेवून दाखवता आले पाहिजे.