संकेत वाढवावा, बिघडवू नये

बोटातून पार होणारा प्रकाश नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर किंचित बदलतो. नाडीमापकातील फोटोडायोड त्या बदलाचे अत्यल्प विद्युतप्रवाहात रूपांतर करतो. मात्र खोलीतील दिव्यांची १०० हर्ट्‌झची लुकलुकही त्यात मिसळते. विवर्धन वाजवीपेक्षा अधिक झाल्यास संकेताची शिखरे छाटली जातात. पुढचा कोणताही फिल्टर ती परत आणू शकत नाही आणि रुग्णाची नाडी चुकीची मोजली जाते.

म्हणून विवर्धन व गाळणी एकाच टप्प्यात साधतात. ऑप-अँपच्या प्रत्याभरण मार्गात १ मेगओहमचा रोधक व १० नॅनोफॅरडचे धारित्र समांतर जोडल्यास १ मायक्रोअँपिअरमागे १ व्होल्ट मिळतो. गाळणीची सीमा सुमारे १६ हर्ट्‌झ येते. नाडी सुरक्षित राहते, लुकलुक एक-षष्ठांशाहून कमी होते.

विवर्धनाचा काही भाग सोडून विकृती घटवणारे हे ऋण प्रत्याभरण हॅरॉल्ड ब्लॅक यांनी १९२७ मध्ये टेलिफोनसाठी शोधले होते.