तारुण्यांतील महाग स्वप्नें

पहिल्या पगाराचे पैसे हातीं आले कीं, तरुण मनांत वर्षानुवर्षें दबा धरून बसलेलीं स्वप्नें एकदम जागीं होतात. कोणाला मोटार घ्यावीशी वाटते, कोणाला परदेश पाहावासा वाटतो, कोणाला शहराच्या चांगल्या वस्तींत स्वतःच्या नांवाची पाटी असलेलें घर हवें असतें. त्याच वेळीं घरांतील वडीलधारी मंडळी अंथरूण पाहून पाय पसरण्याचा जुना उपदेश नव्यानें ऐकवूं लागतात. मुलगा म्हणतो, "हौस करायची ती आतांच, म्हातारपणीं मोटार घेऊन काय करायचें?" वडील म्हणतात, "आधीं चार पैसे गांठीं बांध, मग हौस आहेच." हा वाद कित्येक सुशिक्षित घरांतून जेवणाच्या पानावर होत असतो आणि तो बहुधा अनिर्णितच राहतो, कारण दोन्ही पक्षांचें म्हणणें अर्धें खरें असतें.

प्रथम वडिलांचें गणित पाहावें. २५ वर्षांच्या तरुणानें १ लाख रुपये दरसाल शेकडा ८ चक्रवाढ व्याजानें ठेवले, तर ते सुमारें ९ वर्षांत दुप्पट होतात. ३४ व्या वर्षीं २ लाख, ४३ व्या वर्षीं ४, ५२ व्या वर्षीं ८ आणि ६१ व्या वर्षीं १६ लाख. उलट त्याच तरुणानें शेकडा ९ व्याजानें १० लाखांचें कर्ज सात वर्षांच्या मुदतीवर काढून मोटार घेतली, तर दरमहा सुमारें १६,००० रुपयांचा हप्ता त्याच्या मानेवर बसतो आणि मुदत संपेपर्यंत बँकेच्या पदरांत सुमारें साडेतेरा लाख पडलेले असतात. तोंपर्यंत मोटार जुनी झालेली असते आणि शेजाऱ्यानें तिच्याहून नवी घेतलेली असते.

हा हप्ता केवळ पैशांचाच नसतो. ज्याच्या पगारांतून दरमहा ठरलेल्या तारखेला १६,००० रुपये जावयाचे असतात, तो वरिष्ठाच्या अन्यायाला 'नाहीं' म्हणतांना चाचरतो. आवडीच्या पण कमी पगाराच्या कामाकडे पाठ फिरवितो. पुढील शिक्षणासाठीं दोन वर्षें काढावीं असें मनांत आलें तरी तें मनांतच जिरवितो. मोटार त्याला हवें तेथें नेऊं शकते खरी. पण ज्या नोकरींतून बाहेर पडावेंसें वाटतें, तिच्याच दारांत ती त्याला रोज सकाळीं आणून उभी करते. वडिलांना हें शब्दांत मांडतां येतेंच असें नाहीं. परंतु 'कर्ज नको' असें ते म्हणतात तेव्हां त्यांच्या मनांत बहुधा हीच भीति असते.

पण मुलाचा पक्षही पोकळ नाहीं. वडिलांच्या त्या १६ लाखांचें तेज महागाईच्या उजेडांत बरेंच फिकें पडतें. किंमती दरसाल शेकडा ६ नें वाढत गेल्या, तर ३६ वर्षांत त्या सुमारें आठपट होतात. म्हणजे ६१ व्या वर्षीं हातीं येणाऱ्या १६ लाखांत आजच्या २ लाखांचाच माल येईल. सारें तारुण्य आणि प्रौढ वय वाट पाहण्यांत घालवून शेवटीं मिळालें काय, तर एकाचे दोन! शिवाय कांहीं गोष्टी बँकेंत ठेवतां येत नाहींत. रायगड एका दमांत चढणारे पाय, परकी भाषा चटकन उचलणारी जीभ, सतारीच्या तारांवर वळण घेणारीं बोटें, अनोळखी गांवीं धर्मशाळेच्या फरशीवरही गाढ झोपूं शकणारें शरीर, यांवर व्याज चढत नाहीं. तीं दरवर्षीं थोडथोडीं खर्चच होत असतात. तीं वापरण्याचा काळ टळून गेल्यावर हातीं आलेला पैसा त्यांची जागा भरून काढूं शकत नाहीं.

तेव्हां वस्तु महाग आहे कीं स्वस्त, एवढ्यावरून या वादाचा निवाडा होत नाहीं. ती घेतल्यानंतर माणसाच्या अंगीं काय येतें आणि त्याच्या हातून काय जातें, हें पाहावें लागतें. महाराष्ट्रांतील एका तरुणाचें उदाहरण या दृष्टीनें फार बोलकें आहे.

१९१३ सालीं भीमराव आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ति घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले, तेव्हां ते २२ वर्षांचे होते. शिष्यवृत्तीची रक्कम बेताची, घरीं बायको-मुलें आणि समोर न्यूयॉर्कसारखें शहर! खर्चाला वाटा हजार होत्या. या तरुणानें पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांचीं दुकानें पालथीं घातलीं आणि सुमारें २,००० ग्रंथ जमविले. हाही महाग वस्तूंचाच शौक होता. त्यांच्या ऐपतीच्या मानानें पाहिलें, तर आजच्या तरुणाच्या मोटारीहून तो कमी महाग नव्हता. पुढें १९१७ सालीं ते स्वदेशीं परतले, त्या वेळीं महायुद्ध चालू होतें. त्यांचें सामान आणि ग्रंथ घेऊन निराळी निघालेली आगबोट जर्मन पाणबुडीनें बुडविली आणि पोटाला चिमटा घेऊन जमविलेला कितीतरी संग्रह समुद्राच्या तळाशीं गेला. मोटार बुडाली असती तर सारेंच बुडालें असतें. ग्रंथ बुडाले, पण त्यांतील जें वाचून झालें होतें तें बुडालें नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. लंडनमधील अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्याचें त्यांच्या मनांत होतें. मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजांत प्राध्यापकाची जागा मिळाली, पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळीं एवढ्या पगारांत एखादें प्रशस्त बिऱ्हाड सहज थाटतां आलें असतें. परंतु त्यांचें कुटुंब परळच्या चाळींतील दोन खोल्यांतच राहिलें. पगारांतून शिल्लक पडली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं मदत केली. नवल भथेना या पारशी मित्राकडून ५,००० रुपये कर्जाऊ घेतले. आणि १९२० सालीं ते पुन्हां लंडनला गेले. १९२३ सालीं ते बॅरिस्टरी घेऊन परतले आणि त्याच सालीं त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवीही मिळाली. म्हणजे त्यांनीं काटकसर केली, कर्जही काढलें, आणि दोन्ही एकाच कामासाठीं. पुढें दादरला 'राजगृह' उभें राहिलें तें १९३० नंतर, वयाची चाळिशी ओलांडल्यावर. आणि तेंही मुख्यतः ग्रंथांना जागा हवी म्हणून. वडिलांचें 'कर्ज नको' आणि मुलाचें 'हौस आतांच' हीं दोन्ही सूत्रें या चरित्राला लावून पाहिलीं, तर दोन्ही तोकडीं पडतात.

तीच वस्तु एकाच्या हातीं खेळणें आणि दुसऱ्याच्या हातीं हत्यार होऊं शकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकल ही हिंदुस्थानांत श्रीमंतांच्या हौसेची चीज होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. चित्रकार होण्याचें त्यांचें पहिलें स्वप्न रंगांधळेपणामुळें भंगलें होतें. त्यांनीं आणि त्यांच्या बंधूंनीं बेळगांवीं सायकलींचें दुकान काढलें. त्या दुकानांतून पुढें कडबा कापण्याचें यंत्र निघालें, लोखंडी नांगर निघाला आणि १९१० सालीं औंध संस्थानांतील ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. ज्यांनीं त्या दुकानांतून सायकली विकत घेतल्या त्यांना फिरण्याचें सुख मिळालें. किर्लोस्करांना त्याच चाकांतून कारखान्याची वाट सांपडली.

येथें एक धोका आहे, तोही सांगितला पाहिजे. आपली हौस हें हौस नसून हत्यार आहे, अशी स्वतःची समजूत घालण्यांत तरुण मन मोठें कुशल असतें. छायाचित्रें काढण्याआधींच लाखाचा कॅमेरा हवासा वाटतो. कादंबरीचें पहिलें पान लिहिण्याआधीं लिखाणाची स्वतंत्र खोली हवी असते. यावर एक साधी कसोटी आहे. स्वस्त साधनावर ती हौस किती दिवस टिकते तें पाहावें. दादासाहेब फाळके यांना १९१०–११ च्या सुमारास ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहून चित्रपटाचें वेड लागलें, तेव्हां त्यांनीं एकदम मोठें यंत्र मागविलें नाहीं. बडोद्याच्या कलाभवनांत छायाचित्रण शिकलेला हा मनुष्य आधीं लहानशा कॅमेऱ्यावर आणि फिल्मच्या तुकड्यांवर घरींच प्रयोग करीत बसला. मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ सालीं ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनीं कुंडींतील एका रोपाची वाढ एकेक चित्र टिपून पडद्यावर दाखविली. इतकें झाल्यावर ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. त्या वेळीं फाळके ४३ वर्षांचे होते. 'आतां नाहीं तर कधींच नाहीं' असें विशीपंचविशींतच म्हणणाऱ्यांनीं हें वय ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

परंतु फाळक्यांच्या कथेंत याहून अवघड असा एक प्रश्न दडलेला आहे. स्वप्न एकाचें असतें. त्याची किंमत मात्र एकटा तो मोजीत नाहीं. या धंद्यासाठीं सरस्वतीबाईंचे दागिने गेले. नटमंडळी आणि कामगार या सर्वांचा स्वयंपाक त्यांच्या हातचा. शिवाय रात्रीं फिल्मला भोंकें पाडण्याचें आणि ती रसायनांत धुण्याचें कामही त्या शिकल्या. त्यांना त्या स्वप्नांत वांटा होता, म्हणूनच तें तडीस गेलें. आणि तरीही १९४४ सालीं नाशिकला फाळके निवर्तले ते हलाखींत. रमाबाई आंबेडकरांचेंही तसेंच. पति परदेशीं अभ्यास करीत असतां त्यांनीं परळच्या चाळींत अपुऱ्या पैशांत संसार ओढला. पांच अपत्यांपैकीं चार लहानपणींच दगावलीं. आणि राजगृहाचें सुख त्यांना फार दिवस लाभलें नाहीं, कारण १९३५ सालींच त्यांचें निधन झालें. थोरांच्या यशाकडे पाहून 'स्वप्नासाठीं सर्वस्व पणाला लावावें' असें म्हणणें सोपें आहे; पण त्या सर्वस्वांत दुसऱ्या कोणाचें काय काय होतें, हेंही मोजलें पाहिजे. ज्या घरांत मुलाच्या हौसेसाठीं आईचीं पाटल्या-बांगड्या निमूटपणें सोनाराकडे जातात आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढीत नाहीं, तेथें स्वप्न आणि स्वार्थ यांतील सीमारेषा पुसट होऊं लागते.

वडीलधाऱ्यांनींही या बाबतींत स्वतःकडे पाहावें हें बरें. मुलाच्या मोटारीला 'उधळपट्टी' म्हणणारें घर त्याच मुलाच्या लग्नांत ऋण काढून सण साजरा करतांना मागेंपुढें पाहत नाहीं. तेथें मांडव केवढा, पाहुणे किती, आहेर काय, याचा हिशेब चारचौघांच्या नजरेनें होतो. वस्तूपासून मिळणाऱ्या सुखाहून ती पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसाठीं अधिक पैसे मोजावयाचे, हा धडा मुलगा बाजारांत शिकण्याआधीं घरींच शिकलेला असतो. मग मोटारीच्या दुकानांत त्यानें तो धडा गिरविला, तर दोष एकट्या त्याचा कसा?

आणि ज्यांना हा वाद घालण्याची चैनच परवडत नाहीं असे तरुणही थोडे नाहींत. त्यांचा पहिला पगार धाकट्या बहिणीच्या फीला, गांवच्या घराच्या गळक्या छपराला, वडिलांच्या औषधाला जातो. त्यांना स्वप्नें नसतात असें नाहीं. तीं रांगेंत उभीं असतात. अशा तरुणाला काटकसरीचा उपदेश करणें अनावश्यक, आणि 'हौस कर, तारुण्य पुन्हां येत नाहीं' असें सांगणें निर्दयपणाचें. त्याला एवढेंच सांगतां येईल कीं, कर्तव्याच्या रांगेंत स्वतःसाठींही एक लहानशी जागा राखून ठेवावी. महिन्याला एक पुस्तक, वर्षाला एक प्रवास, संध्याकाळीं एखादी शिकवणी, एवढी ती लहान असली तरी चालेल. पण ती मुळींच नसणें चांगलें नव्हे. अनेक वर्षें केवळ दुसऱ्यांसाठीं खर्च झालेला मनुष्य पुढें त्या प्रिय माणसांवरच मनांतून रुसून बसतो, असें कित्येक घरांतून पाहावयास मिळतें.

राहतां राहिला तो व्यवहार. घरांत एखाद्या महाग वस्तूची गोष्ट निघाली, तर बापलेकांनीं वाद घालण्याऐवजीं एक कागद घेऊन बसावें. वस्तूची किंमत व्याजासह किती होईल, हप्ता किती वर्षें चालेल, त्या वर्षांत कोणतें शिक्षण, कोणती नोकरी, कोणता प्रवास सोडावा लागेल, आणि घरांतील आणखी कोणाला काय सोडावें लागेल, हें सारें त्यावर लिहावें. ती वस्तु कोणाच्याहि दृष्टीस कधीं पडणार नसती, तरी ती घेतली असती काय, याचें उत्तर मुलानें प्रामाणिकपणें द्यावें. आणि त्या वयांत वडिलांनीं स्वतः कोणतें स्वप्न गुंडाळून ठेवलें होतें, तें त्यांनींही एकदां मोकळेपणानें सांगावें. पुष्कळदां मुलानें तें प्रथमच ऐकलेलें असतें. एवढें झाल्यावर मोटार घेतली गेली काय किंवा न घेतली गेली काय, निर्णय दोघांचा होईल आणि पुढील सात वर्षें त्याचा हप्ता भरतांना घरांत कोणाच्या मनांत अढी राहणार नाहीं.